रताळ्याचा लागवड संच : पिशवी उत्तम, जाळी बिनकामाची

गच्चीवर रताळी लावण्यासाठी म्हणून ऑनलाइन विकला जाणारा एक तयार संच मी गेल्या पावसाळ्यात पुण्यात मागवला आणि लागवडीपासून काढणीपर्यंत वापरून पाहिला. निष्कर्ष आधीच सांगायचा, तर संचातली पिशवी विचारपूर्वक घडवलेली आहे, वेलांचे तुकडे बरे आहेत पण ते कोणत्या जातीचे याचा विक्रेत्याला स्वतःलाच पत्ता नाही, मातीचे मिश्रण अपुरे आहे, आणि वेल चढवण्यासाठी दिलेली जाळी व सोबतची माहितीपुस्तिका ही दोन्ही रताळ्याचा वेल कधी जवळून न पाहिलेल्या माणसाने ठरवलेली दिसतात. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि पुढे लिहिलेले बहुतेक सगळे त्या सर्वांना लागू पडेल.

साधारण बाराशे रुपयांच्या या संचात एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकच्या विणीच्या दोन पिशव्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि निंबोळी पेंड यांचे मिश्रण, वेलांचे दहा तुकडे, पाच बाय दहा फुटांची नायलॉनची जाळी, कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली आणि एक पुस्तिका एवढा ऐवज मिळतो. पिशवीचा व्यास २४ इंच आणि उंची १२ इंच आहे, आणि तिच्या एका अंगाला वेल्क्रोने बंद होणारी तळहाताहून थोडी मोठी खिडकी आहे.

या मापाचे मला विशेष कौतुक वाटले. बाजारात कंदपिकांसाठी म्हणून ज्या पिशव्या मिळतात, त्यातल्या बहुतेक उंच आणि निमुळत्या असतात, कारण त्या बटाट्यासाठी बेतलेल्या असतात. बटाटा हा जमिनीखालच्या खोडाला येतो, त्यामुळे झाड वाढेल तशी मातीची भर देत गेल्यास फायदा होतो आणि उंच पिशवीचा उपयोग होतो. रताळे मात्र मूळ आहे, खोड नव्हे. लावलेल्या तुकड्याचे जे पेर मातीत जातात, त्यांच्यापासून निघालेली काही मुळे फुगून रताळी होतात, आणि ती बहुतेक करून वरच्या फूटभर मातीतच भरतात. म्हणजे रताळ्याला खोली नको, पसारा हवा. चोवीस इंचांच्या या बुटक्या पिशवीत तो मिळतो. ज्या कोणी हे माप ठरवले, त्याने पीक ओळखून ठरवले आहे, आणि म्हणूनच त्याच संचात ती जाळी कशी आली हे कोडे अधिकच पडते.

पिशवीबाबत एक गोष्ट पुस्तिकेत ठळकपणे हवी होती, ती म्हणजे वजन. या मापाची पिशवी काठोकाठ भरली, तर तिच्यात सुमारे ९० लिटर मिश्रण मावते. नुसते कोकोपीट असले तरी भिजल्यावर ती दोघांनाही सहज हलत नाही, आणि त्यात निम्मी माती घातली तर वजन शंभर किलोच्या जवळ जाते. त्यामुळे पिशवी भरण्यापूर्वीच तिची जागा ठरवावी, ती तुळईच्या किंवा भिंतीच्या जवळ असावी, आणि पिशवीखाली विटा किंवा प्लास्टिकची जाळीदार फळी ठेवून पाणी मोकळे वाहू द्यावे. तळाला भोके पुरेशी आहेत. पावसाळाभर एकदाही पाणी तुंबले नाही, आणि रताळ्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. लागवडीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यातच कोणती मुळे फुगणार आणि कोणती नुसती काडीसारखी चिवट राहणार हे बहुतांशी ठरून जाते, आणि त्या काळात मुळांशी पाणी साचले की काड्याच जास्त होतात.

खिडकीची कल्पना मला आधी निव्वळ शोभेची वाटली होती, पण काढणीच्या सुमारास तिचा खरा उपयोग कळला. वेल्क्रो उघडून बोटांनी मिश्रण हलकेच बाजूला केले, की पांढरट बारीक मुळांच्या जाळ्यातून रताळ्याची गुलाबी साल दिसू लागते, आणि भरलेले एखादे रताळे देठाशी कापून काढून घेता येते. बाकीचा वेल जागचा हलतही नाही. अर्थात खिडकीतून दिसतात ती पिशवीच्या कडेला आलेली रताळी. मधली किती आणि केवढी आहेत याचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. वेल्क्रोमध्ये ओली माती अडकली की ते नीट चिकटत नाही आणि जोराच्या पावसात तिथून मिश्रण गळते, म्हणून मी खिडकीवरून सुतळीचे दोन वेढे दिले. ज्यांच्या गच्चीवर उंदरांचा वावर आहे त्यांनी सुतळीऐवजी तार वापरावी, कारण रताळ्याच्या वासावर उंदीर येतात आणि वेल्क्रो त्यांना अडवू शकत नाही.

वेलांचे तुकडे ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर भोके पाडलेल्या खोक्यात आले. कुरियरला दोन दिवस लागले, त्यामुळे पाने मलूल झाली होती, पण यात घाबरण्यासारखे काही नसते. शेतातही वेल कापल्यावर पानांसकट एक-दोन दिवस सावलीत ठेवून मगच लावण्याची शिफारस आहे, कारण तेवढ्या काळात पेरांशी मुळे फुटायला सुरुवात होते. आलेल्या दहांपैकी बहुतेक तुकडे वेलाच्या शेंड्याकडचे, वीतभर लांबीचे आणि चार-पाच पेरांचे होते, आणि तसेच ते असावेत. दोन-तीन मात्र बुडख्याकडचे, जाड आणि राठ होते. असे तुकडे जगतात, पण उशिरा धरतात, आणि सोंड्या भुंगा या रताळ्याच्या मुख्य किडीची अंडी किंवा अळी सोबत येण्याची शक्यता त्यांच्यातच अधिक असते. विक्रेत्याने शेंड्यांचेच तुकडे द्यावेत, अशी अपेक्षा या किमतीत गैर नाही.

जातीचा मुद्दा याहून गंभीर आहे. विक्रीच्या पानावर छायाचित्र केशरी गराच्या रताळ्याचे होते. प्रत्यक्षात काही वेलांना केशरी गराची, तर काहींना लाल सालीची पण आतून पांढरी रताळी आली. जातीचे नाव विचारले असता विक्रेत्याच्या मदत केंद्राकडून ‘ऑर्गॅनिक’ एवढेच उत्तर आले. ऑर्गॅनिक ही जात नव्हे, हे त्यांना दोनदा कळवून पाहिले. रंगाचा हा आग्रह निव्वळ हौसेचा नाही. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘भू सोना’ या केशरी जातीत दर शंभर ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असते, तर नेहमीच्या जातींत ते २ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास राहते. शरीर या बीटा कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवते. आफ्रिकेत केशरी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कारणासाठी. त्याच संस्थेची ‘भू कृष्णा’ ही जात आतून गर्द जांभळी आहे. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ आहे. म्हणजे नावानिशी ओळखता येतील अशा जाती उपलब्ध असताना बेनामी वेल केशरी म्हणून विकणे, याला ढिलाई म्हणता येईल किंवा फसवणूक. मी तूर्त ढिलाई म्हणतो.

पुस्तिकेनुसार प्रत्येक पिशवीत पाच तुकडे लावायचे आहेत. हा सल्ला मी एका पिशवीत पाळला आणि दुसरीत तीनच लावले. शेतात रताळ्याच्या दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन वेलांत २० सेंटिमीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका वेलाच्या वाट्याला १२०० चौरस सेंटिमीटर जागा येते. चोवीस इंची पिशवीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २९०० चौरस सेंटिमीटर भरते. हिशेब अडीच वेलांचा होतो, तिथे तीन जेमतेम मावतात आणि पाच ही गर्दी. निकालही त्याबरहुकूमच लागला. पाच वेलांच्या पिशवीत रताळ्यांची संख्या थोडी अधिक होती, पण त्यातली बरीचशी बोटाएवढी होती. तीन वेलांच्या पिशवीत ती मोजकी पण उकडायला घ्यावीत अशी भरदार निघाली. तुकडा लावताना तो सरळ उभा न खोचता आडवा-तिरपा धरून मधली दोन-तीन पेरे मातीत दाबावीत आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवावा. पुस्तिकेतल्या चित्रात मात्र तुकडा कुंडीतल्या गुलाबाच्या कलमासारखा ताठ उभा आहे.

मिश्रणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते हलके आणि भुसभुशीत आहे, त्यात रताळी गुळगुळीत सालीची होतात आणि काढताना तुटत नाहीत. पण दिलेले प्रमाण दोन्ही पिशव्या मिळून जेमतेम निम्म्याच भरते, आणि ही गोष्ट विक्रीच्या पानावर कुठेही लिहिलेली नाही. म्हणून ते सगळे मी एकाच पिशवीत घातले आणि दुसरी तांबडी माती, थोडी वाळू आणि पालापाचोळ्याचे जुने खत यांनी भरली. तांबडी, निचऱ्याची, हलकी जमीन रताळ्याला मानवते हे बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांतून पावसाळ्यात फिरलेल्या कोणालाही माहीत असेल, कारण तिथल्या तांबड्या माळांवर रताळ्याचे पीक वर्षानुवर्षे घेतले जाते. निव्वळ कोकोपीटच्या मिश्रणाची अडचण अशी, की पावसाळ्याच्या मध्यावर ते दोन-तीन इंच खाली बसते आणि रताळ्यांची डोकी उघडी पडतात. पुन्हा भर घालणे तेव्हा भाग असते.

याहून जास्त आक्षेप आहे तो खतांच्या वेळापत्रकाला. पुस्तिका दर आठवड्याला शेणाच्या पातळ खताचा किंवा १९:१९:१९ सारख्या (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेल्या) विद्राव्य खताचा डोस सुचवते. रताळ्याला नत्र (नायट्रोजन) सुरुवातीला थोडे हवे, पुढे ते जितके द्याल तितका पाला माजतो आणि मुळे रिकामी राहतात. गच्चीवर रताळी लावून नुसतीच हिरवीगार वेल मिळाली, अशी तक्रार जे करतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत कारण हेच असते. कंद भरायला पालाश (पोटॅश) लागते, आणि घरच्या बागेत ते देण्याचा सोपा मार्ग म्हणजे लाकडाची चाळलेली राख, तीही बेताने. मी पहिल्या महिन्यानंतर नत्राचे काहीही दिले नाही, आणि वेलांना त्याची उणीव भासल्याचे दिसले नाही.

आता वेल आणि जाळी. रताळ्याचा वेल चांगला धरला, की महिन्या-दीड महिन्यात पिशवीच्या काठावरून खाली उतरतो आणि मग रोज पाहावे तर थोडा पुढे गेलेला असतो. दोन-तीन मीटर लांबी सहज होते. हे पाहून कोणालाही तो मांडवावर चढवावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि संच तयार करणाऱ्याने नेमके तेच गृहीत धरले आहे. परंतु दुधी, कारले किंवा काकडी ही तणाव्यांच्या आधारे चढतात. रताळ्याला तणावे नसतात. गारवेलीच्या कुळातला असल्यामुळे त्याचा शेंडा कधीमधी एखाद्या दोरीला वळसा घालतो, पण तेवढ्यावर तो चढत नाही. त्याची प्रकृती जमिनीवर पसरण्याची आहे. जाळीवर नेण्यासाठी प्रत्येक वेल सुतळीने बांधावा लागतो, आठवडाभराने वाढलेला भाग पुन्हा बांधावा लागतो, आणि जुलैतल्या एखाद्या वादळी संध्याकाळी बांधलेल्या जागीच तो मोडतो. एका पिशवीचे वेल मी जाळीवर बांधून पाहिले, दुसरीचे मोकळे सोडले. जाळीवरच्या वेलांची पाने दिसायला देखणी होती हे खरे. इंग्लिश आयव्ही लावल्याचा भास होतो. रताळ्यांच्या भरणीत मात्र त्याचा कसलाही लाभ दिसला नाही. जाळी, ती ताणायला लागणारे बांबू आणि बांधण्याची दगदग एवढ्यातले काहीही नसते, तर संच स्वस्त झाला असता.

जाळीच्या बाजूने बोलायचे, तर एक मुद्दा आहे. मातीला टेकलेल्या रताळ्याच्या प्रत्येक पेराला मुळे फुटू शकतात. शेतात किंवा अंगणातल्या वाफ्यात पावसाळाभर वेल तसाच पडू दिला, तर तो जागोजागी रुजतो, तिथे बारीक बारीक कंद धरायला लागतात आणि बुंध्याशी जायचे अन्न वाटले जाते. म्हणून शेतकरी वेल परततात, म्हणजे उचलून जागा बदलतात. जाळीवर वेल अधांतरी असल्यामुळे हा प्रश्न उरत नाही. गच्चीवर मात्र मुळात खाली माती नसते, असते ती फरशी. तिथे भीती वेगळ्या प्रकारची आहे. शेवाळलेल्या फरशीच्या सांध्यात आणि जलरोधक थराच्या भेगांत ही मुळे शिरकाव करतात, आणि शेजारच्या कुंडीत एखादे पेर टेकले तर तिथेही ठाण मांडतात. माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत त्यांनी असे बस्तान बसवले होते, की ते उपटताना कढीपत्त्याचीही मुळे दुखावली.

यावर जाळीपेक्षा साधा आणि फुकटचा उपाय असा : सुरुवातीचे वेल पिशवीच्या तोंडावरच गोल फिरवून घ्यावेत, म्हणजे त्यांच्या सावलीने मिश्रण झाकले जाते, ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत, त्यापुढची वाढ काठावरून खाली सोडावी, आणि पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा सगळे वेल हलकेच उचलून, जिथे रुजायला लागले असतील तिथून सोडवून, पुन्हा ठेवून द्यावेत. उचलण्यात दोन पथ्ये आहेत. पहिले, वेल ओढू नये, कारण ओढला की बुंध्याजवळच्या कोवळ्या मुळांना हिसका बसतो. हाताने पेर न् पेर सोडवावे. दुसरे, ठेवताना पाने उलटी पडणार नाहीत असे पाहावे. उलटी पडलेली पाने पुन्हा उजेडाकडे वळण्यात चार दिवस घालवतात, आणि दर आठवड्याला असे झाले तर परतण्याचा फायदा सोडाच, तोटाच होतो. पुस्तिकेत या विषयावर एक ओळही नाही. तिथे आहे ती दर आठवड्याला शेंडे खुडण्याची सूचना, ‘वेल दाट होण्यासाठी’. दाट वेल हे कोणाचे उद्दिष्ट असेल तर असो. ज्याला रताळी हवीत त्याने शेंडे सरसकट खुडू नयेत, कारण पानांत तयार होणारे अन्नच खाली साठत असते.

फार पसारा झाल्यावर थोडे शेंडे घ्यायला हरकत नाही, आणि ते टाकून देण्याचेही कारण नाही. फिलिपीन्स, तैवान आणि चीनमध्ये रताळ्याचे कोवळे शेंडे ही रोजच्या जेवणातली पालेभाजी आहे. आपल्याकडे पाला गुरांपुढे जातो आणि माणसांच्या ताटात क्वचितच येतो. कोवळी पाने आणि देठ चिरून, लसूण व सुक्या मिरचीच्या फोडणीवर झाकण ठेवून वाफवले, की किंचित बुळबुळीत, गोडसर भाजी होते. शेंडा खुडताना देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना लागून काळा पडतो आणि साबणाने लवकर जात नाही. खुडण्याआधी बोटांना तेल लावलेले बरे. एक खबरदारी मात्र सांगायला हवी. ओढ्याकाठी सर्रास वाढणारी बेशरम याच कुळातली आहे, तिची जांभळट फुले रताळ्याच्या फुलांसारखीच कर्ण्याच्या आकाराची असतात, आणि ती विषारी आहे. आपण लावलेल्या, ओळखीच्या वेलाचाच पाला खावा.

किडींच्या बाबतीत संचाची तयारी अपुरी आहे. रताळ्याचा खरा शत्रू सोंड्या भुंगा. पुढे काढलेली सोंड, निळसर काळे अंग आणि मधला भाग तांबूस, असा हा किडा लांबून मुंगीसारखा दिसतो. मादी वेलाच्या बुंध्यात किंवा उघड्या पडलेल्या रताळ्यात अंडी घालते आणि अळ्या आत बोगदे करत जातात. अशा रताळ्याला उग्र वास येतो आणि एक फोड जरी उकडलेल्यात मिसळली, तरी सगळे पातेले कडवट होते. ते गुरांनाही घालू नये. आत शिरलेल्या अळीपर्यंत कडुनिंबाच्या तेलाची फवारणी पोहोचत नाही, तेव्हा ती बाटली फार तर पानांवरच्या किरकोळ किडींसाठी उपयोगी आहे. भुंग्याविरुद्ध खरी कामाची गोष्ट म्हणजे रताळी उघडी पडू न देणे, मिश्रणाला भेगा पडू न देणे आणि नराला आकर्षित करणारा कामगंध सापळा लावणे. संचात नायलॉनच्या जाळीऐवजी असा एक सापळा दिला असता, तर मी हे परीक्षण बऱ्याच वेगळ्या सुरात लिहिले असते. खाली बसलेल्या कोकोपीटच्या पिशवीत, भर घालायला मला दोन-चार दिवस उशीर झाला तेवढ्यात वरच्या एका रताळ्याला लागण झाली. मातीच्या पिशवीत एकही किडके निघाले नाही.

काढणीच्या वेळेबद्दल पुस्तिका सांगते, की वेल पूर्ण वाळल्यावर खणावे. हे बटाट्याचे लक्षण आहे. आपल्या हवेत रताळ्याचा वेल पाणी मिळत राहिले तर वाळतच नाही, आणि त्याची वाट पाहत बसल्यास रताळी दोरेदार होतात व भुंग्याला आयती मेजवानी मिळते. बहुतेक जाती साडेतीन ते चार महिन्यांत तयार होतात. बुंध्याकडची पाने पिवळी पडू लागली, की खिडकीतून एक रताळे काढून मधोमध कापावे. कापलेला भाग थोड्या वेळाने पांढरा आणि कोरडा राहिला तर पीक तयार आहे. चीक येऊन तो काळपट हिरवा झाला तर आणखी काही दिवस थांबावे. जूनच्या सुरुवातीला लावलेले वेल नवरात्रापर्यंत हाती येतात, आणि उपवासाच्या दिवसांत घरची रताळी असणे याचे सुख वेगळे. पुस्तिकेतला ‘वर्षभर कधीही लावा’ हा सल्ला मात्र जपून घ्यावा. महाशिवरात्रीला रताळी हवी असतील, तर ऑक्टोबरमध्येच वेल लावलेले बरे, कारण थंडी सुरू झाल्यावर वाढ मंदावते.

काढल्यानंतरचे पान तर फाडून टाकावे. ‘स्वच्छ धुऊन फ्रिजमध्ये ठेवा’, असे त्यावर छापले आहे. रताळे हे उष्ण हवेतले पीक असून १० अंश सेल्सियसच्या खाली त्याला थंडी बाधते; फ्रिजमध्ये ठेवलेले रताळे आतून टणक होते आणि कितीही उकडले तरी मधला भाग मऊ होत नाही. शिवाय ते धुवायचे नसते. माती हाताने झटकून, सावलीत, उबदार आणि दमट जागी पाच-सात दिवस मुरू द्यायचे असते. त्यासाठी ३० अंशांच्या आसपासचे तापमान उत्तम, म्हणजे ऑक्टोबरच्या उष्म्यात पुण्यात वेगळी सोय करावी लागत नाही, फक्त रताळ्यांवर ओलसर गोणपाट टाकले की झाले. या काळात खरचटलेल्या सालीवर नवा थर धरतो आणि गोडी वाढू लागते. बाकीची गोडी शिजवताना येते : रताळे सावकाश तापले तर त्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणून निखाऱ्यात किंवा जाड तव्यावर झाकून भाजलेले रताळे कुकरमध्ये झटपट उकडलेल्यापेक्षा गोड लागते. एकाच वेलाची दोन रताळी या दोन प्रकारे करून पाहिली, तर फरक लहान मुलालाही कळतो.

दोन्ही पिशव्यांतून मिळून चार किलोंच्या आसपास रताळी निघाली. पहिल्या हंगामाचा खर्च त्यांवर वाटला, तर ही रताळी मंडईतल्यापेक्षा कितीतरी महाग पडतात, आणि त्यात वरून घातलेली माती व बांबू धरलेलेच नाहीत. पण या हिशेबात दुसऱ्या वर्षीचा खर्च जवळजवळ शून्य आहे. पिशवीची शिवण आणि पट्टे पूर्ण हंगामानंतर शाबूत आहेत, आणि वेल तर विकत घ्यायचेच नाहीत. काढणीच्या दिवशी निरोगी शेंड्यांचे चार-सहा तुकडे एका साध्या कुंडीत लावून ठेवले, की पुढच्या जूनपर्यंत त्यांच्यापासून हवे तेवढे तुकडे मिळतात. ज्यांच्याकडे अजून वेलच नाही, त्यांनी मंडईतले एक टवटवीत रताळे ओल्या वाळूत आडवे, अर्धे दाबून उबदार जागी ठेवावे. काही आठवड्यांत त्याला कोंब फुटतात आणि ते वीतभर झाले की कापून लावता येतात. बटाट्यासारखे डोळे पाहून रताळ्याच्या फोडी करून लावू नयेत.

पिशवीतले वापरलेले मिश्रण उन्हात पसरून, जुनी मुळे वेचून काढून मी त्यात मेथी पेरली आहे. भुंगा आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म किडे) मागे राहतात, म्हणून त्याच मिश्रणात लागोपाठ रताळी न घेतलेली बरी. हीच खिडकीची पिशवी त्याच विक्रेत्याकडे सुटीही मिळते, संचाच्या किमतीच्या चौथाईहून कमी किमतीत. विक्रीच्या पानावर ती बरीच खाली, ‘इतर साहित्य’ या सदरात दडलेली आहे. मागवताना व्यास २४ इंचच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण त्याच छायाचित्राखाली १५ इंची पिशवीही विकली जाते आणि तिच्यात एका वेलापलीकडे काही मावत नाही.